कॉफीच्या पाकिटावरचा 'एए' काय सांगतो?

आज गप्पा कॉफीच्या. जायफळ घातलेली दुधाळ कॉफी आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून होते. पण इथल्या दुकानात कॉफी घ्यायला गेलं, की पाकिटांवर 'केनिया एए', 'कोलंबिया सुप्रीमो', 'प्लँटेशन ए', 'पीबी' अशी अक्षरं दिसतात. आपण पडलो मार्कांवर वाढलेली माणसं! एए म्हणजे पहिला नंबर असं समजून जास्त पैसे देऊन मोकळे होतो. तो खरंच पहिला नंबर असतो का?

आठवा, आजी धान्य कसं घ्यायची. आधी चाळायची, मग निवडायची आणि शेवटी शिजवून चव बघायची. कॉफीची प्रतवारीही अशीच होते.

पहिलं चाळणं. चाळणीचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजलेला. १८ नंबरचं भोक साधारण ७.१ मिलिमीटरचं. केनियात एए म्हणजे सगळ्यात वरच्या चाळण्यांवर राहिलेला मोठा दाणा, एबी त्याहून लहान. कोलंबियाचा सुप्रीमो मोठा, एक्सेल्सो लहान, आणि दोन्ही एकाच झाडाचे असू शकतात! पीबी म्हणजे पीबेरी. कॉफीच्या फळात एरवी दोन चपटे दाणे असतात. कधी एकच वाढतो आणि गोल होतो, तो पीबी. एकसारख्या आकाराचे दाणे एकसारखे भाजले जातात, हा चाळण्याचा खरा फायदा. चव मात्र चाळणीला कळत नाही.

दुसरं निवडणं. काळे, फुटके, किडीने पोखरलेले दाणे मोजतात. इथिओपियात 'ग्रेड १' हा दोष सर्वांत कमी असलेला माल. म्हणजे तिथला आकडा आणि केनियातली अक्षरं वेगळ्याच गोष्टी सांगतात. ग्वाटेमालात तर उंची बघतात. डोंगरावरच्या थंड हवेत फळ सावकाश पिकतं, दाणा घट्ट होतो आणि चवीला धार येते.

तिसरं चाखणं. जाणकार कॉफी चाखून शंभरपैकी गुण देतात. ८० किंवा त्याहून जास्त मिळाले, की ती 'स्पेशालिटी'. खरे मार्क हे!

आता आपल्या देशाकडे वळू. भारतातली बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतली. सर्वांत जास्त कर्नाटकातल्या कोडगू आणि चिक्कमगळूर भागातली. थोडीशी आपल्या विदर्भातल्या चिखलदऱ्यालाही होते. भारतीय पाकिटावर 'प्लँटेशन' म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका. 'चेरी' म्हणजे अख्ख्या फळासकट वाळवलेली. त्यापुढचं ए, बी, सी हे पुन्हा आकारासाठीच. 'मॉन्सून्ड मलबार एए'ची तर गंमतच आहे. मंगळूरच्या किनाऱ्यावर, उघड्या बाजूंच्या गोदामात दाणे पसरून त्यांना पावसाळी वारा देतात. दाणे फुगतात, पिवळसर होतात आणि त्यांचा आंबटपणा जातो. म्हणजे तिथला मोठेपणा बराचसा पावसाने दिलेला!

मग विकत घेताना काय बघायचं? आधी भाजल्याची तारीख. ती जितकी जवळची तितकी बरी. मग प्रदेश, उंची, आणि धुतलेली की फळासकट वाळवलेली. अक्षरं सगळ्यात शेवटी. फिल्टरची दाट, दुधात न हरवणारी कॉफी हवी असेल, तर थोडी रोबस्टा असलेलं मिश्रण घ्या. पण तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, तेव्हा रात्री जरा जपून.

आणि या रविवारी मुलांना घेऊन एक करा. भाजलेले मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत ओता आणि तांदूळ निवडतो तसे निवडा. फुटके एका बाजूला, भोकं पडलेले एका बाजूला. भाजूनही फिक्कट राहिलेले दाणे बहुधा कच्च्या फळांचे असतात, तेही काढा. पाकिटावर काय लिहिलंय ते त्यानंतर वाचा. ताटलीतला हिशोब आणि पाकिटावरची अक्षरं जुळतात का, ते आम्हाला जरूर कळवा.