महाल बघायला जाताय? आधी एखाद्या मिस्त्रीला भेटा

संशोधनासाठी संग्रहालयात जाणार असाल, तर एक चूक टाळा. ती मी केली आहे, म्हणून सांगतो.

नागपूरचा भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला. त्यामुळे अठराव्या शतकातलं दरबारी लाकूडकाम बघायला मी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. तिथे मस्तानी महाल आहे. बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष आणून केळकरांनी तो पुन्हा उभा केला. म्हणजे राजवाड्यात संग्रहालय नाही, संग्रहालयात राजवाडा!

मी खांबांमधली अंतरं अंदाजाने नोंदवली आणि प्रकरणात ठोकून दिलं, 'पेशवेकालीन दालनाचं प्रमाण असं होतं.'

लकडगंजला परतल्यावर स्केचेस गल्लीतल्या मिस्त्रीकाकांना दाखवली. जुन्या वाड्यांचं सागवान उतरवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. ते म्हणाले, "खांब जुना असन बाबू, पण दोन खांबांतलं अंतर कोणाचं हाय? महालाचं का आत्ताच्या खोलीचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार पानं गेली.

आता मुद्दा समजून घ्या. पुन्हा उभारलेल्या दालनात तीन थर असतात. नक्षी मूळ कारागिराबद्दल सांगते. खांबांची जागा आणि अंतर पुन्हा उभारणाऱ्याबद्दल सांगू शकतं. आणि काय ठेवलं, काय गाळलं, हे संग्राहकाबद्दल सांगतं. केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, १९७५ मध्ये संग्रह राज्य सरकारला दिला. सुमारे २०,००० वस्तूंपैकी साधारण २,५०० च मांडलेल्या आहेत. तेव्हा 'तिथे दिसलं नाही, म्हणजे त्या काळी नव्हतं' असं लिहू नका.

मग करायचं काय? वहीत तीन रकाने पाडा: मूळ, उभारणी, निवड. प्रत्येक निरीक्षण कुठल्या रकान्यात बसतं ते तिथेच ठरवा. खांबावर रिकामी खाच दिसली, की थांबा. पूर्वी तिथे दुसरं लाकूड बसत असावं. वेगळ्या रंगाचा तुकडा, नवा खिळा, मध्येच तुटलेली वेलबुट्टी, हेही टिपा. गाइडचं पत्र देऊन वस्तूंची नोंदवही बघायची आणि मापं घ्यायची परवानगी आधीच मागा.

माझं प्रकरण आता फक्त नक्षीवर आहे. दावा लहान झालाय, पण मिस्त्रीकाकांनी पुन्हा विचारलं तर उत्तर देता येईल.