आन्यो नुएवो : हिवाळ्यात एलिफंट सीलच्या हवाली होणारा किनारा

सॅन फ्रान्सिस्कोहून समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला जाणाऱ्या हायवे-वनवर हाफ मून बे मागे पडलं की गर्दी ओसरते. डावीकडे डोंगरउतार आणि ब्रसेल्स स्प्राउट्सची शेतं, उजवीकडे कडे आणि खाली पॅसिफिक. पिजन पॉइंटचं उंच पांढरं दीपगृह गेलं की थोड्याच वेळात आन्यो नुएवो स्टेट पार्कची पाटी दिसते. सॅन फ्रान्सिस्कोपासून हे अंतर साधारण नव्वद किलोमीटर, सांताक्रूझपासून जेमतेम तीस-बत्तीस. जागा साधी आहे. जुन्या डेअरीच्या आवारातलं माहिती केंद्र, खुरट्या झुडपांतून गेलेली पायवाट, पुढे वाळूच्या टेकड्या आणि समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक. मात्र दरवर्षी १५ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात त्या टोकाकडे कोणालाही आपापलं जाता येत नाही. जायचं तर आधी नाव नोंदवायचं, तिकीट काढायचं आणि मार्गदर्शकाच्या मागोमाग चालायचं. कारण त्या दिवसांत किनारा हजारो एलिफंट सीलच्या ताब्यात असतो.

पूर्ण वाढलेला नर चौदा ते सोळा फूट लांब, वजन दोन-अडीच टनांपर्यंत. नाकाचा लोंबता, सुरकुतलेला भाग सोंडेसारखा दिसतो, त्यावरूनच या प्राण्याला हे नाव मिळालं. मादी त्यापेक्षा कितीतरी लहान असते, दहा-बारा फुटांची, आणि तिला सोंड नसते. डिसेंबरच्या मध्याला नर येऊन जागा धरू लागतात. पाठोपाठ माद्या येतात आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर आठवड्याभरात एकेक पिल्लू देतात. जानेवारीच्या अखेरीस वाळूवर सर्वांत जास्त गजबज असते. मारामाऱ्या, बाळंतपणं, दूधपाजणी आणि मीलन हे सगळं एकाच पट्ट्यावर, एकाच वेळी चालतं.

एवढ्या जवळून हे बघायला मिळतं याचं श्रेय इथल्या शिस्तीला आहे. गट विसेक जणांचा असतो. पायवाटेने वाळूच्या टेकड्यांच्या अलीकडे ठरलेल्या थांब्यापर्यंत जायचं, तिथे मार्गदर्शक भेटतो. हे मार्गदर्शक बहुतेक स्वयंसेवक. प्रशिक्षण घेऊन, वर्षानुवर्षं हौसेने येणारी माणसं. अख्खी फेरी पाचेक किलोमीटरची, अडीच तासांची, आणि तिच्यातला मोठा भाग मऊ वाळूत पाय रुतवत चालण्याचा. पाऊस असला तरी फेरी रद्द होत नाही, आणि छत्री न्यायला परवानगी नाही, त्यामुळे रेनकोट हवाच. ज्यांना वाळूत चालणं जमत नाही, अशांसाठी लाकडी फळ्यांची वाट आहे. आधी कळवलं तर चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनाही तिथून सील बघता येतात.

प्राण्यापासून किमान पंचवीस फूट लांब राहायचं, हा पहिला नियम. पण सील काही नियमांचं पुस्तक वाचून झोपत नाहीत. टेकडीच्या वळणावर, वाटेच्या अगदी मधोमध एखादा तरुण नर पसरलेला असतो आणि मग मार्गदर्शक हाताने सगळ्यांना थोपवतो, पुढे जाऊन अंदाज घेतो आणि गटाला वळसा घालून नेतो. वाट रोज बदलते, कधी एका सकाळीच दोनदा. अवजड दिसणारा नर थोड्या अंतरापुरता वाळूवर माणसाला गाठण्याइतका वेगाने सरकू शकतो, हे मार्गदर्शक सुरुवातीलाच बजावून सांगतात.

झोपलेला सील जवळून बघण्यासारखा असतो. पहिल्यांदा तो मेलेलाच वाटतो. पोट हलत नाही, नाकपुड्या घट्ट मिटलेल्या. अशी कितीतरी मिनिटं जातात, कारण जमिनीवर झोपतानाही हा प्राणी श्वास रोखून धरतो. मग एकदम नाकपुड्या उघडतात, ओला फुरफुराट होतो, चार-सहा खोल श्वास आणि पुन्हा सगळं बंद. मधेच पुढचा पर वाळूत खुपसून तो पाठीवर वाळू उडवतो. कातडीखाली चरबीचा जाड थर असल्यामुळे कोवळं ऊनही त्याला तापतं आणि ओलसर वाळूने अंग निवतं. परांच्या टोकाला माणसाच्या बोटांसारखी पाच नखं दिसतात. मागच्या परात हिरवा प्लास्टिकचा बिल्ला असेल, तर त्याचा जन्म किंवा नोंदणी इथली. कुशीवर केसांच्या रंगाने लिहिलेला आकडा दिसला, तर तो संशोधकांनी घातलेला.

नरांचा आवाज मात्र दिसण्याआधी ऐकू येतो. टेकडीपलीकडे कोणी बुलेट उभी करून चालू ठेवली असावी, असा जड, तुटक ठोका. हा ठोका प्रत्येक नराचा वेगळा असतो आणि तो वर्षानुवर्षं बदलत नाही. आन्यो नुएवोच्या नरांवर संशोधकांनी ध्वनिमुद्रणं वाजवून प्रयोग केले. त्यांतून २०१७ मध्ये पुढे आलं की, नर एकमेकांना या ठोक्याच्या लयीवरून आणि पोतावरून ओळखतात. आपल्याला हरवून गेलेल्या नराचा आवाज आला की दुबळा काढता पाय घेतो. म्हणूनच सोंड वर करून केलेल्या एका हाकाटीवर बरीच भांडणं मिटतात. जी मिटत नाहीत, त्यांत दोन नर छाती उभारून समोरासमोर येतात आणि वरच्या दातांनी एकमेकांच्या मानेवर घाव घालतात. जुन्या नरांच्या मानेची कातडी या घावांनी जाड, भेगाळलेली आणि गुलाबी झालेली असते. जिंकणाऱ्याला कळपावर हक्क मिळतो, पण असं भाग्य फार थोड्या नरांच्या वाट्याला येतं. बहुतेक नर एकाही पिल्लाचा बाप न होता मरतात. कळप राखणारा नर तर सुमारे तीन महिने पाण्याकडे फिरकत नाही, काही खात नाही आणि वजनाचा तिसरा हिस्सा गमावून बसतो.

आईचा उपास याहून कठीण म्हणावा लागेल, कारण ती त्यात दूधही पाजते. जन्मतः पस्तीसेक किलोचं काळं, सुरकुतलेलं पिल्लू चार आठवड्यांत शंभर-सव्वाशे किलोच्या पुढे जातं. दुधातली चरबी वाढत वाढत पंचावन्न टक्क्यांवर पोहोचते. अठ्ठावीस दिवसांच्या आसपास आई दूध तोडते, त्याआधी पुन्हा गाभण राहते आणि पिल्लाला किनाऱ्यावर सोडून समुद्रात निघून जाते. त्यानंतर त्याला शिकवायला कोणी नसतं. मागे राहिलेली पिल्लं घोळक्याने पडून असतात, डबक्यांत आणि उथळ पाण्यात स्वतःच डुबक्या मारायला शिकतात आणि एप्रिलपर्यंत एकेक करून समुद्र गाठतात. काही वस्ताद पिल्लं दुसऱ्या मादीच्या दुधावर डल्ला मारतात आणि दुप्पट फुगतात. फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये येणाऱ्यांना हीच गोलमटोल मंडळी सगळ्यात जास्त दिसतात. लहान मुलांना घेऊन जायचं असेल, तर तेच दिवस बरे.

पिल्लू चेंगरलं जाण्याचे प्रसंगही डोळ्यांसमोर घडतात. एखादा नर प्रतिस्पर्ध्यावर धावून जाताना वाटेत कोण आहे हे बघत नाही. अशा वेळी बघणाऱ्यांचा जीव कळवळतो, कोणीतरी काहीतरी करा असं वाटतं. मार्गदर्शक काहीच करत नाही. १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने या प्राण्यांना हात लावणं, हुसकावणं किंवा त्रास देणं गुन्हा ठरवलं आहे. तो संयम पाळणं सोपं नाही, पण त्याच संयमावर ही सगळी वस्ती उभी आहे.

ती मुळात उभी राहिली, हेच नवल. एकोणिसाव्या शतकात चरबीच्या तेलासाठी या सीलची बेसुमार कत्तल झाली. एका मोठ्या नरापासून पिंपंच्या पिंपं तेल निघे. शतक संपत आलं तेव्हा मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर मोजके जीव उरले होते, सगळे मिळून शंभरही नसावेत असा अंदाज आहे. १८९२ मध्ये तिथे गेलेल्या वस्तुसंग्रहालयाच्या मोहिमेला आठ सील दिसले आणि त्यातले सात त्यांनी नमुने म्हणून मारले. प्राणी नामशेष होणारच, तर निदान संग्रहालयात तरी राहावा, असा त्या काळचा विचार. तो वाचून आज अंगावर काटा येतो. १९२२ मध्ये मेक्सिकोने त्यांना संरक्षण दिलं, पाठोपाठ अमेरिकेनेही. मग ते सावकाश उत्तरेकडे पसरू लागले. १९५५ मध्ये आन्यो नुएवो बेटावर सील परतल्याची नोंद झाली, १९६१ मध्ये बेटावर पहिली पिल्लं जन्मली आणि १९७५ मध्ये मुख्य भूमीवरच्या किनाऱ्यावर पहिलं पिल्लू. आज त्यांची एकूण संख्या दीड लाखाच्या पुढे आहे. मात्र सगळे त्या मूठभर जिवांचे वंशज असल्याने त्यांच्यात आनुवंशिक वैविध्य फार कमी आहे. संख्येकडे बघून निर्धास्त व्हावं, अशी स्थिती म्हणूनच नाही. १९८३ च्या जानेवारीत एल निनोच्या वादळी भरतीने बेटावरची बरीच पिल्लं वाहून नेली होती. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर बर्ड फ्लूने एलिफंट सीलच्या दक्षिणेकडच्या जातीची सतरा हजारांहून अधिक पिल्लं मेली.

किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर जे बेट दिसतं, त्याचा इतिहासही वाचनीय आहे. १६०३ च्या जानेवारीत सेबास्तियान विस्काइनोची स्पॅनिश जहाजं इथून गेली आणि नववर्षाच्या सुमाराला दिसलेल्या या टोकाला त्यांनी आन्यो नुएवो, म्हणजे नवं वर्ष, असं नाव दिलं. त्याआधी हजारो वर्षं इथे ओलोनी लोकांच्या किरोस्ते समाजाची वस्ती होती. पुढे या खडकाळ टापूत जहाजं फुटू लागली, तेव्हा १८७२ मध्ये बेटावर धुक्याचा भोंगा बसवला गेला. १९४८ मध्ये तो बंद झाला आणि माणसं निघून गेली. रखवालदाराचं घर अजून उभं आहे, त्यात आता सी लायन आणि पाणकावळे राहतात. बेटाभोवतीच्या पाण्यात ग्रेट व्हाइट शार्क सीलची वाट बघत फिरतात.

सत्तरच्या दशकात सील किनाऱ्यावर वाढू लागले, तशी बघ्यांची झुंबड उडाली. त्या गर्दीला आवर घालण्याच्या गरजेतून मार्गदर्शकांसह फेऱ्यांची पद्धत आली. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्नी लबफ आणि त्यांचे सहकारी साठच्या दशकाअखेरीपासून इथल्या सीलचा अभ्यास करत होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी सीलच्या पाठीवर खोली मोजणारी यंत्रं चिकटवली. तेव्हा कळलं की, हा प्राणी समुद्रात महिनोन्महिने रात्रंदिवस डुबक्याच मारत असतो. वीसेक मिनिटं पाण्याखाली आणि दोन-तीन मिनिटं वर. नेहमीची खोली तीनशे ते सहाशे मीटर, प्रसंगी दीड किलोमीटरही. नर उत्तरेला अल्यूशन बेटांपर्यंत जातात, माद्या खुल्या महासागरात. वर्षातून दोनदा हा प्रवास होतो. इथल्या माद्यांवर मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या टोप्या बसवून केलेलं संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. समुद्रात असताना त्या दिवसाला सरासरी दोनच तास झोपतात, तेही खोल पाण्यात, गळालेल्या पानासारख्या गिरक्या घेत खाली जाताना. वाळूवर ते असे सुस्त का पडलेले असतात, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

बे एरियातल्या मराठी घरांना हे ठिकाण जवळचं आहे. २०२४ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन जिथे भरलं, त्या सॅन होजेहून गाडीने तास-सव्वा तासाची वाट. नाताळच्या सुट्टीत भारतातून आलेल्या आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना गोल्डन गेट दाखवून झाल्यावर इकडे आणायला हरकत नाही. फक्त आरक्षण आधी करायला हवं. फेरीच्या छप्पन्न दिवस आधी ते खुलं होतं आणि शनिवार-रविवारच्या जागा भराभर जातात. वारा बोचरा असतो, कानटोपी आणि घट्ट बूट सोबत हवेत.

तिकीट मिळालं नाही, तर आणखी दक्षिणेला, सॅन सिमिऑनजवळ पिएद्रास ब्लांकासचा किनारा आहे. १९९० मध्ये तिथे थोडे सील आले आणि आता ती आन्यो नुएवोपेक्षा मोठी वस्ती झाली आहे. तिथे फळ्यांच्या वाटेवरून कधीही, फुकट बघता येतं. आन्यो नुएवोतही एप्रिल ते नोव्हेंबर परवाना घेऊन मार्गदर्शकाविना जाता येतं. एप्रिल-मेमध्ये माद्या आणि तरुण सील कात टाकायला परततात, केसांसह वरची कातडीही पापुद्र्यांनी सुटते. मोठे नर याच कामासाठी जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि तेव्हा भांडण्याचं कारण नसल्यामुळे एकमेकांना खेटून पडलेले दिसतात.