आजोबांचं किंडल

या आठवड्यात प्रिंटरच्या शाईबद्दल लिहीन, असं कबूल केलं होतं. कार्ट्रिजवरची चिप सोलून टेबलावर ठेवली होती, भिंगही शोधून काढलं होतं. पण मंगळवारी मिरजेहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पत्र आलं आणि शाई तशीच वाळत राहिली.

बाईंच्या यजमानांना जाऊन चार महिने झाले. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर त्यांना डोळ्यांचा त्रास सुरू झाला होता. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणून मुलाने त्यांना किंडल आणून दिलं, आणि सात वर्षांत त्यांनी त्यावर दोनशेच्या वर पुस्तकं घेतली. आता मुलगा म्हणतो, बाबांचं कार्ड बंद केलंच आहे, अकाउंटही बंद करून टाकू. नातू म्हणतो, आजोबांची पुस्तकं मला हवीत. बाई लिहितात, 'बँकेत कागद दिले, घराला नाव लावून घेतलं, स्कूटर मुलाच्या नावावर केली. पुस्तकांसाठी अर्ज कुठे करायचा?'

कुठेच नाही, बाई. ती पुस्तकं तुमच्या यजमानांची कधी झालीच नव्हती.

हे वाक्य एका शोकातल्या घराला लिहून पाठवणं जिवावर आलं, म्हणून पत्राचं उत्तर लांबलं आणि त्याचा हा लेख झाला. बटणावर 'खरेदी करा' असं लिहिलेलं असतं. दाबल्यावर कार्डातून पैसे जातात, पावती येते. पण ज्या अटींना आपण सगळे न वाचता 'मान्य' म्हणतो, त्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं की हा मजकूर तुम्हाला विकलेला नसून तो वाचण्याचा परवाना दिलेला आहे, आणि हा परवाना दुसऱ्याला देता येत नाही. परवाना म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. अकरा महिन्यांचं 'लीव्ह अँड लायसन्स' आपल्यापैकी निम्म्यांनी केलेलं असतं. भाडेकरूला कूळ म्हणून कसलाही हक्क लागू नये, एवढ्यासाठीच घरमालक तो शब्द घालून घेतो. पलंग टाका, खिळे ठोका, गणपती बसवा, पण घर माझं. यजमान सात वर्षं वाचत होते, ते असे लायसन्सवर. कूळकायद्याने कसेल त्याची जमीन झाली. वाचेल त्याचं पुस्तक करणारा कायदा अजून कुठल्या विधानसभेत आलेला नाही.

गंमत म्हणजे स्थावर मालमत्तेच्या परवान्यांबद्दलचा आपला जो 1882 सालचा सुविधाधिकार कायदा आहे, त्यात परवाना दुसऱ्याला देता येत नाही असं म्हणतानाच एक अपवाद ठेवलाय : करमणुकीच्या ठिकाणी जाण्याचा परवाना. म्हणजे नाटकाचं तिकीट. तुम्हाला सर्दी झाली तर बालगंधर्वचं तिकीट शेजाऱ्याला देऊन टाका, इंग्रजांच्या कायद्याची हरकत नाही. हा कायदा ई-पुस्तकांना लागू होत नाही, पण तिकिटाइतकीही सवलत आपण पुस्तकाला ठेवू नये, याची मला राहून राहून मौज वाटते.

आता कागदाकडे या. माझ्याकडे 'श्यामची आई'ची एक प्रत आहे, अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून वीस रुपयांना घेतलेली. पाठीला खळीचा वास, कोपरे उंदराने नाही तर मुलांनी खाल्लेले. पहिल्या पानावर निळ्या-काळ्या शाईत 'चि. बाळ यास मुंजीनिमित्त, मामाकडून' आणि खाली 1958. त्याखाली पेन्सिलीने एका मुलीचं नाव, इयत्ता सातवी ब. मग एका वाचनालयाचा जांभळा शिक्का, त्यावर आडवा 'रद्द'. बाविसाव्या पानात पीएमटीचं तिकीट. मामा, बाळ, सातवी ब, वाचनालय, रद्दीवाला, मी : सहा हात झाले. यांपैकी कुणीही प्रकाशकाला विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

ही मोकळीक आभाळातून पडलेली नाही. तिच्यासाठी भांडण झालेलं आहे, आणि ते झालं न्यूयॉर्कच्या एका दुकानावरून. बॉब्स-मेरिल नावाच्या प्रकाशकाने 1904 मध्ये 'द कास्टअवे' ही कादंबरी काढली आणि आत छापलं : किंमत एक डॉलर, याहून कमी किमतीला विकाल तर तो कॉपीराइटचा भंग समजू. मेसीज या भल्यामोठ्या दुकानाच्या मालकांनी, इझिडोर आणि नेथन स्ट्रॉस या भावांनी, ती खुशाल 89 सेंटला विकली. अकरा सेंटचं हे भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1908 मध्ये निकाल लागला : एकदा प्रत विकली की तुमचा तिच्यावरचा ताबा संपला. घेणाऱ्याने ती कितीला विकायची, हे तुम्ही पानावर छापून ठरवू शकत नाही. त्या कादंबरीचं नाव आज कुणी घेत नाही, पण अमेरिकेतला जुन्या पुस्तकांचा धंदा तिच्या उपकारांवर उभा आहे.

(हे इझिडोर स्ट्रॉस तुम्ही पाहिलेले आहेत. 1912 मध्ये ते आणि त्यांची पत्नी आयडा टायटॅनिकवर होते. आयडाबाईंनी नवऱ्याला सोडून बोटीत बसायचं नाकारलं आणि दोघंही गेले. जेम्स कॅमरूनच्या सिनेमात पाणी चढत असताना पलंगावर एकमेकांना बिलगून पडलेलं जे म्हातारं जोडपं दिसतं, ते यांच्यावरूनच घेतलं आहे. तो प्रसंग आला की थिएटरात सगळे डोळे पुसतात आणि मला 89 सेंट आठवतात. बायको म्हणते, तुमच्याबरोबर सिनेमाला येण्यात अर्थ नाही.)

आपल्याकडे हीच गोष्ट 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 14 मध्ये आहे. लेखकाला प्रती लोकांपर्यंत आणण्याचा हक्क आहे, पण आधीच चलनात असलेल्या प्रतींवर नाही. आणि एकदा विकलेली प्रत ही चलनात आलेली प्रत समजायची, असं खाली स्पष्टीकरण. एका ओळीचं. माझ्या 'श्यामची आई'चे सहा हात त्या एका ओळीच्या आडोशाने सुरक्षित आहेत.

मग ई-पुस्तकाला ती ओळ का लागू नाही? कारण विक्री झालीच नाही, असं विकणाराच म्हणतो. नेदरलँड्समधल्या टॉम कॅबिनेट नावाच्या मंडळींनी वाचून झालेली ई-पुस्तकं पुन्हा विकायचं दुकान काढून पाहिलं. प्रकाशक कोर्टात गेले आणि डिसेंबर 2019 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने दुकानाविरुद्ध कौल दिला. याच न्यायालयाने 2012 मध्ये वापरलेलं सॉफ्टवेअर पुन्हा विकायला मोकळीक दिली होती. पुस्तकांच्या बाबतीत एक युक्तिवाद असा होता की ई-पुस्तक वापराने झिजत नाही, त्यामुळे जुनी प्रत नव्याइतकीच चांगली आणि नव्याचा बाजार बसेल.

झिजत नाही, हा गुन्हा. ठीक. पण त्याच्या आठ वर्षं आधी, 2011 मध्ये, हार्परकॉलिन्सने अमेरिकेतल्या वाचनालयांना कळवलं होतं की आमचं ई-पुस्तक 26 वेळा वाचकांना दिलं की संपलं, पुढे पुन्हा पैसे भरा. कागदाचं पुस्तक तेवढ्या फेऱ्यांत खिळखिळं होतं, म्हणून. म्हणजे विकायला काढलंत तर ते झिजत नाही, आणि वाचनालयात ठेवलंत तर सव्विसाव्या वाचकानंतर हवेत विरतं. माझ्या प्रतीवरचा तो जांभळा शिक्का निदान खरोखर हाताळून फिका झालेला आहे.

जुने वाचक म्हणतील, 2009 ची गोष्ट अजून कशी आली नाही. येतेच आहे. त्या वर्षी जुलैत ॲमेझॉनने अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या किंडलमधून काही पुस्तकं रातोरात काढून घेतली आणि पैसे परत जमा केले. ज्याने ती विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे अमेरिकेतले हक्कच नव्हते. तक्रार खरी होती. पण छापील पुस्तकाच्या बाबतीत अशी चूक झाली तर दुकानदार रात्री तुमच्या घरात शिरून कपाटातून प्रत उचलत नाही. पुस्तकं कोणती, तर जॉर्ज ऑर्वेलची '1984' आणि 'ॲनिमल फार्म'. ज्या कादंबरीत नको असलेले कागद जाळायला भिंतीत भोकं ठेवलेली असतात, नेमकी तीच. एखाद्या लेखकाने हे रचून लिहिलं असतं तर संपादकाने 'जरा जास्तच होतंय' म्हणून परत केलं असतं. मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाची सुट्टीतल्या अभ्यासाची टिपणं निराधार झाली. टिपणं राहिली, ती ज्या पानांवर होती ती पानं गेली. त्याने दावा लावला. दीड लाख डॉलरवर मिटलं, आणि काही अपवाद सोडून पुन्हा असं करणार नाही, असं कंपनीने लिहून दिलं. जेफ बेझोस यांनी माफीही मागितली, आणि ती आडवळणाची नव्हती, हे सांगायला हवं.

ऑर्वेल जानेवारी 1950 मध्ये गेले, 'श्यामची आई'चे साने गुरुजी त्याच वर्षी जूनमध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. आधी 50 होती. रवींद्रनाथांची पुस्तकं मोकळी व्हायची वेळ आली तेव्हा 1990च्या दशकाच्या सुरुवातीला दहा वाढवली. वर्ष संपल्यावर मोजायला लागायचं, म्हणून मोतिहारीत जन्मलेला हा इंग्रज लेखक आणि आपले पालगडचे गुरुजी, दोघंही भारतात एकाच दिवशी मोकळे झाले : 1 जानेवारी 2011. अमेरिकेत '1984' अजून कुलपात आहे, 2044 संपेपर्यंत.

मायक्रोसॉफ्टने तर 2019 मध्ये ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. घेतलेली सगळी पुस्तकं जुलैत नाहीशी झाली. पैसे परत मिळाले, आणि ज्यांनी समासात टिपणं केली होती त्यांना वर 25 डॉलर. समासातल्या विचारांचा भाव त्यामुळे एकदाचा ठरला.

माझं नुकसान याहून किरकोळ आहे. एका मराठी ई-पुस्तकांच्या ॲपवर मी सतरा पुस्तकं घेतली होती. ते ॲप कुणी चालवायचं थांबवलं, कळवलंही नाही. अजून फोनवर त्याचं चिन्ह आहे. दाबलं की एक गोल फिरतो आणि 'संपर्क होऊ शकला नाही, पुन्हा प्रयत्न करा' असं येतं. मी अधूनमधून खरंच प्रयत्न करतो. वाळवीलासुद्धा सतरा पुस्तकं फस्त करायला एक पावसाळा लागतो.

कॅलिफोर्नियाने यावर 1 जानेवारी 2025 पासून कायदा आणला आहे. परवाना देत असाल तर तसं गिऱ्हाइकाला ठळकपणे सांगा, नुसतं 'खरेदी करा' म्हणून फसवू नका. मला तो आवडला, पण पुरता नाही. बटण तेच राहतं, खाली एक ओळ वाढते. आणि पुढच्याच महिन्यात, 26 फेब्रुवारीला, ॲमेझॉनने घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून तारेने किंडलमध्ये घालायची सोय बंद केली. निदान फाइल तरी घरच्या कपाटात ठेवू, म्हणणाऱ्यांची ती मागची खिडकी होती.

बाई, आता तुमच्यासाठी कामाचं तेवढं. मुलाला अकाउंट बंद करू देऊ नका. किंडलच्या सेटिंगमध्ये 'डीरजिस्टर' असा शब्द दिसेल, त्याला हात लावू नका. तो दाबला की पुस्तकं जातात. आधी वायफाय चालू ठेवून, यादीतली जी पुस्तकं उपकरणात उतरलेली नसतील ती एकेक उघडून उतरवून घ्या. मग विमानाचं चित्र असलेलं बटण दाबून संपर्क तोडा आणि ते यंत्र नातवाच्या हातात द्या. यंत्र ही वस्तू आहे. ती खरोखर तुमच्या यजमानांच्या मालकीची होती, स्कूटरसारखीच, आणि ती वारशाने जाते. त्यात पुस्तकं राहिली तर ती यंत्राच्या पोटात बसून जातील. हा उपाय बॅटरीच्या आयुष्याइतकाच टिकेल, पण आठवीतल्या मुलाला दोनशे पुस्तकं वाचायला ते पुरेल.

ई-पुस्तकांवरचं डिजिटल कुलूप काढून घेता येईल का, असं नातवाने विचारलंय म्हणता. मुलगा हुशार आहे. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने, मोजके अपवाद सोडले तर, कुलूप तोडणं हाच गुन्हा. आपल्याकडे 2012 मध्ये आलेल्या कलम 65अ मध्ये शब्द वेगळे आहेत : हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तोडलं तर शिक्षा. त्या 'हेतूने'वर एक अख्खा लेख होईल आणि तो मी लिहिणार आहे, पण वकिलाशी बोलल्याशिवाय नाही. तोवर त्याला विमानाचं बटण दाखवा.

पत्राच्या शेवटी बाईंनी एक गोष्ट लिहिली आहे, ती आधी माझ्या नजरेतून सुटली. यजमान वाचता वाचता ओळी पिवळ्या करून ठेवायचे. शेवटचं पुस्तक एकेचाळीस टक्क्यांवर थांबलं आहे, आणि नातवाला तिथूनच पुढे वाचायचं आहे. सुरुवातीपासून नाही.

प्रिंटरची शाई पुढच्या आठवड्यात. रिकामी कार्ट्रिजं तेवढी फेकू नका.