ठेवणीतली किमो

बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात छातीच्या एक्स-रेत डाग दिसला की पहिला संशय क्षयाचा. तो वावगा नाही, क्षय आपल्याकडे भरपूर आहे. पण दोन-दोन महिने क्षयाची औषधं (एकेटी) चालू ठेवूनही खोकला हटत नाही, वजन उतरतच जातं, मग कुणीतरी सीटी स्कॅन काढायला सांगतं. गाठ निघते, बायोप्सी होते. घरचे म्हणतात, ‘हिने तर जन्मात कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही!’

फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार नेमका अशांतच जास्त सापडतो: धूम्रपान न करणाऱ्यांत, आणि पुरुषांपेक्षा बायकांत. त्याच्या मुळाशी असतं ईजीएफआर, पेशीच्या कातडीवर बसलेलं प्रथिन. वाढीचा निरोप बाहेरून आला की तो आत पोचवायचा, एवढंच त्याचं काम. त्याच्या जनुकात ठरावीक जागी तुकडा गळाला किंवा एक अक्षर बदललं, तर निरोप नसतानाही ते ‘वाढा’ म्हणत सुटतं. २००४ साली बॉस्टनच्या संशोधकांनी हा बदल हुडकला. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१३ साली ९०७ भारतीय रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. फुफ्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा जातीच्या कर्करोगाच्या या रुग्णांपैकी सुमारे २३ टक्क्यांत तो बदल होता. युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या रुग्णांपेक्षा हे प्रमाण जास्त, चीन-जपानपेक्षा कमी.

बदल सापडला तर गोळी आहे. जेफिटिनिब, रोज एक, २५० मिलिग्रॅम. अंगावर पुरळ उठतं, जुलाब होतात, पण सहसा केस जात नाहीत आणि सलाईन लावावी लागत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत धाप कमी झालेली पाहून नातेवाईक हरखून जातात. पुढे बहुतेकांच्या बाबतीत आजार गोळीला चकवतो. गाठीतल्या काही पेशी मुळातच गोळीला न जुमानणाऱ्या असतात, काही नवा बदल करून निसटतात.

म्हणून वर्षानुवर्षं हिशेब असा असायचा: आधी गोळी, ती निकामी झाली की किमो. किमो ठेवणीत राहू दे. ऐकायला शहाणपणाचा वाटणारा हा हिशेब कागदावरच बरा होता. गोळी हरेपर्यंत कित्येकांची ताकद संपलेली असते, आजार मेंदूपर्यंत गेलेला असतो, आणि ठेवणीतलं ठेवणीतच राहतं.

टाटातल्या डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी या हिशेबालाच हात घातला. ऑगस्ट २०१६ ते ऑगस्ट २०१८ या काळात त्यांनी हा बदल असलेले ३५० रुग्ण घेतले आणि चिठ्ठी टाकावी तशी वाटणी केली. निम्म्यांना नुसती जेफिटिनिब. उरलेल्यांना गोळीसोबतच पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही किमोची औषधं, दर तीन आठवड्यांनी एकदा, असे चार डोस. त्यानंतर गोळी चालू ठेवून एकटं पेमेट्रेक्सेड. नवं औषध यात एकही नव्हतं, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. दुसरं म्हणजे धडधाकट तेवढेच निवडले नव्हते. साधारण पाचातला एक रुग्ण स्वतःचं स्वतः करणारा, पण कामधंदा न झेपणारा; १८ टक्क्यांच्या मेंदूत आजार पसरलेला. ओपीडीत रोज दिसतात ती माणसं. बड्या कंपन्यांच्या चाचण्यांत अशांना बहुधा दारातूनच परत पाठवतात.

निकाल २०१९ साली शिकागोला कर्करोगतज्ज्ञांच्या आस्को परिषदेत मांडला गेला. आजार पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ नुसत्या गोळीवर ८ महिने, गोळी-किमोच्या जोडीवर १६. गोळीवाल्या गटाचं मध्यक आयुष्य १७ महिने; जोडीवाल्या गटातले निम्म्याहून अधिक तेव्हा हयात होते, त्यामुळे त्यांचा आकडा काढताच आला नाही. किंमतही मोजावी लागली. गंभीर त्रास गोळीवर २५ टक्क्यांना, जोडीवर ५१ टक्क्यांना. रक्तातल्या पेशी कमी होणं, थकवा, मध्येच रक्त चढवावं लागणं, हे सगळं त्यात आलं. जपानमधल्या अशाच चाचणीतही हाच कल दिसला.

दरम्यान ओसिमर्टिनिब ही पुढच्या पिढीची, कितीतरी महाग गोळी आली. तिच्या कंपनीने तिलाही किमोची जोड देऊन पाहिली. २०२३ च्या अहवालात आजार थोपवण्याचा काळ १६.७ वरून २५.५ महिन्यांवर गेला. २०२५ साली आयुष्याचा आकडाही आला: ३७.६ ऐवजी ४७.५ महिने. म्हणजे जोडीचं गणित परळमध्ये स्वस्त औषधांवर आधी सुटलं होतं. परळची आणि ही, अशा दोन चाचण्यांचे आकडे शेजारी मांडून तुलना मात्र करू नये. रुग्ण वेगळे, गोळ्या वेगळ्या.

आता बदलापूरकरांचा प्रश्न. नुसती गोळी घरी बसून घेता येते. जोडी म्हणजे दर तीन आठवड्यांनी दादरपर्यंत साठेक किलोमीटर, लोकलने सव्वा तास, आणि पुढे परळ. कर्करोगाच्या रुग्णाला दिव्यांग डब्यात बसायची मुभा आहे, पण सकाळच्या लोकलमध्ये त्या डब्यात पाय ठेवायला मिळेल तेव्हा. सोबतच्या माणसाचा रोज बुडतो. आणि एवढं करून पोचल्यावर रक्ततपासणीत पेशी कमी निघाल्या, तर ‘पुढच्या आठवड्यात या’.

खरं तर चार डोस उरकल्यावर उरतं ते पेमेट्रेक्सेड. ते नसेतून द्यायला दहा मिनिटं पुरतात. त्याआधी सीबीसी आणि क्रिएटिनिन या रक्ततपासण्या, रोजची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, दर नऊ आठवड्यांनी बी-१२ चं इंजेक्शन, डोसच्या आगेमागे स्टेरॉइड. यातलं काहीही परळच्याच भिंतींत व्हायला हवं असं नाही. निदान आणि उपचाराची आखणी टाटाने करावी, डोस जवळ मिळावा. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रं उघडण्याची घोषणा झाली. आमचं जिल्हा रुग्णालय ठाण्यात. बदलापूरच्या रुग्णाला मात्र ठाण्याच्या अलीकडे उल्हासनगरचं सरकारी मध्यवर्ती रुग्णालय लागतं. या केंद्रांच्या यादीत ‘जिल्हा’ या शब्दावर अडून न बसता तिथे चार खुर्च्या, एक प्रशिक्षित परिचारिका आणि औषध मिसळायची सुरक्षित खोली दिली, तर जोडीचा उपचार अर्ध्यावर सोडून देणारे कमी होतील.