मदरबोर्ड आज घ्यावा की थांबावे?



खतांच्या मात्रा सांगणाऱ्या माणसाने संगणकावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण अलीकडे शिवारफेरीला गेलो की बांधावर हा विषय हमखास निघतो. मुलाने वा मुलीने संगणकासाठी पैसे मागितलेले असतात, सोयाबीनची पट्टी नुकतीच हाती आलेली असते, आणि तेवढ्यात कोणीतरी सांगतो, "थांबा, नवा चिपसेट येतोय." मग घरात वाद सुरू.

२०२५ च्या जुलैत आमच्या भागातील एका तरुणाच्या सेवा केंद्रातला मदरबोर्ड जळाला. पीक विम्याच्या अर्जांची मुदत ३१ जुलै, दारात लोकांची रांग. (मुदत पुढे वाढली, पण ते आधी कोणाला ठाऊक?) त्याचे वडील मला म्हणाले, "साहेब, पोरगा म्हणतोय नवीन बोर्ड येईस्तोवर कुणाचा तरी संगणक मागून आणतो. तुमचं काय मत?"

मत देण्याआधी वस्तू काय आहे ते पाहू. मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे सारे भाग ज्यावर बसतात ती पाटी. त्यावरचा प्रोसेसर ही विहिरीवरची मोटर समजा, आणि चिपसेट हा पाटकरी. कोणत्या चारीला किती पाणी सोडायचे, म्हणजे यूएसबीच्या जोडण्या किती, डिस्क किती, हे तो पाहतो. पाटकरी बदलल्याने विहिरीचे पाणी वाढत नाही. तसेच प्रोसेसर तोच असेल, तर केवळ चिपसेट नवा आल्याने काम फारसे वेगाने होत नाही. एएमडी कंपनीने २०२२ मध्ये एएम५ हे सॉकेट आणले. दोन वर्षांनी त्यावर एक्स८७० चिपसेटचे बोर्ड आले. आतली चिप आधीच्याच घडणीची होती. मुख्य फरक हा, की यूएसबी ४ ची जोडणी सक्तीची झाली. सात-बारा छापणाऱ्याला तिचा काय उपयोग?

विचार करायचाच तर तो सॉकेटचा करावा. अवजार ट्रॅक्टरच्या लिंकेजला बसले नाही तर ते कितीही चांगले असून निकामी, तसा हा मामला आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड २०१७ साली घेतलेल्या अनेकांना २०२० मध्ये आलेले रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर त्याच बोर्डावर, बायोस अद्ययावत करून, बसवता आले. इंटेलचे एलजीए १७०० सॉकेट २०२१ मध्ये आले. त्यावर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालले. २०२४ मध्ये एलजीए १८५१ आले आणि त्याचे प्रोसेसर जुन्या बोर्डात बसेनात. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही पाठबळ देऊ, असे कंपनीने जाहीर केले आहे. तेव्हा दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा, की या सॉकेटवर पुढे काय बसेल? आणि दुसरा रॅमचा. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही, एएम५ ला तर डीडीआर५ च लागते.

थांबले की भाव उतरतो, हा समज मनातून काढा. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. थांबलेल्यांना जास्त मोजावे लागले.

यात मीही चुकलो आहे. २०२० च्या टाळेबंदीत मुलीचे कॉलेज घरात आले. तिने संगणक मागितला, तर मी "जरा थांब, नवीन येईल, जुने स्वस्त होईल," म्हणत राहिलो. पुढे चिपांचा जगभर तुटवडा पडला, भाव चढले आणि अभियांत्रिकीचे पहिले वर्ष तिने मोबाईलच्या पडद्यावर काढले. तिने कधी बोलून दाखवले नाही. तिच्या आईने मात्र दाखवले.

म्हणून ज्यांचा संगणक नीट चालतो, त्यांनी खुशाल थांबावे. पण तो विंडोज ११ घेतो का, हे पाहून घ्या. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्या तरुणाचा होता चौथ्या पिढीचा. त्या जातीचा जुना बोर्ड स्वस्तात मिळत होता, पण लोकांचे आधार आणि बँकेचे व्यवहार ज्यावर होतात तिथे तो नको, असे मी स्पष्ट सांगितले. त्याने एएम४ चा बोर्ड, रायझन ५६००जी प्रोसेसर आणि डीडीआर४ रॅम घेतली. डिस्क आणि पेटी जुनीच ठेवली. चौथ्या दिवशी अर्ज सुरू झाले.

बोर्ड बसवण्याआधी मात्र मी वायरमनला बोलावले. पहिला बोर्ड का जळाला, हे कोणी विचारलेच नव्हते. अर्थिंगची तार तुटलेली निघाली आणि खड्डा कोरडा ठणठणीत. तार जोडली, खड्ड्यात पाणी सोडले, पॉवर सप्लाय नवा घातला, यूपीएस जोडला. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लगही काढून ठेवावा. बोर्डाची हमी बहुधा ३ वर्षांची असते, पण जळाल्याच्या खुणा दिसल्या की दुकानदार हात वर करतो. पक्के बिल घ्या, त्यावर बोर्डाचा क्रमांक लिहून घ्या. एएम५ किंवा इंटेलचा बोर्ड असेल तर सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण फेकू नका. हमीत बोर्ड परत करताना ते मागतात. पिना वाकल्या असतील तर बोर्ड घेतच नाहीत.