टेप लावूनही रंगाची रेघ का फुटते?

दुकानाच्या भिंतीला खाली गडद व वर फिका रंग द्यायचा असो, शटरवर पट्टा ओढायचा असो की पाटीची चौकट काढायची असो, रंगारी मास्किंग टेप लावतो. टेप काढल्यावर मात्र कडा करवतीच्या दातांसारखी दिसते. मालक म्हणतो, कारागीर कच्चा. कारागीर म्हणतो, टेप खराब. मजुरी कापली जाते, जुने संबंध तुटतात. खरा कसूर बहुधा तिसरीकडेच असतो.

ही टेप मुळात याच कामासाठी निघाली. अमेरिकेत दोन रंगी मोटारींची फॅशन होती. रंगारी कागद चिकटवीत आणि तो काढताना खालचा रंगही सोलून निघे. म्हणून थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू यांनी १९२५ साली मास्किंग टेप तयार केली.

आता रंग फुटतो कसा ते पाहू. बांधणीच्या कापडात गाठ ढिली राहिली तर रंग आत शिरतो, हे कापडवाल्यांना सांगायला नको. टेपचेही तसेच. भिंत वरून गुळगुळीत दिसली तरी तिला बारीक खळगे असतात. टेप त्यांच्यावरून पुलासारखी जाते आणि वातीत तेल चढावे तसा पातळ रंग खालच्या फटीत ओढला जातो.

यावर इलाज असा. भिंत पॉलिश पेपरने घासून धूळ कोरड्या फडक्याने पुसावी. चुन्याच्या किंवा हाताला पांढरे लागणाऱ्या डिस्टेंपरच्या भिंतीवर टेप धरत नाही, तिथे आधी प्रायमर हवा. खालचा रंग पक्का सुकू द्यावा. इमल्शनला निदान एक दिवस आणि ऑइल पेंटला त्याहून जास्त वेळ द्यावा. दोरी मारून, लेव्हल पाहूनच टेप लावावी. टेप ओढून ताणू नये, कारण ताणलेली टेप आखडते आणि कडेने उचलते. ज्या कडेला रंग लागणार ती पुट्टीच्या पत्र्याने दाबून बसवावी.

यानंतरची युक्ती सर्वांत महत्त्वाची. नवा रंग लावण्यापूर्वी टेपच्या कडेवर खालचाच रंग पातळ हाताने फिरवावा. फटी त्या रंगाने भरतात. तो आत शिरला तरी खालच्या रंगात मिसळून जातो, दिसत नाही. हा हात सुकल्यावर नवा रंग द्यावा. ब्रशवर रंग कमी घ्यावा आणि तो टेपवरून बाहेरच्या बाजूला ओढावा, टेपखाली ढकलू नये. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे.

शेवटचा हात ओलसर असतानाच टेप काढावी. ती मागे दुमडून, तिरपी, सावकाश ओढावी. रंग कडक झाला असेल तर आधी कडेने हलके ब्लेड फिरवावे, नाहीतर रंगाची साल निघते. उन्हातल्या शटरवर टेप दिवसभर ठेवू नये, गोंद पत्र्यालाच चिकटून राहतो. खोके बांधण्याची तपकिरी टेप तर या कामाला वापरूच नये.

आमच्या दुकानाचे काम झाले तेव्हा स्वस्त म्हणून तीच तपकिरी टेप मी आणून दिली होती. खालचा रंग ओला असतानाच घाई केली. पट्टा सोलून निघाला आणि मी रंगाऱ्याची एक दिवसाची मजुरी कापली. दुसऱ्या कारागिराने कारण समजावले, तेव्हा ती मजुरी घरी नेऊन दिली.

म्हणून दुकानदार मंडळींना विनंती आहे की टेप चांगली आणा आणि सुकायला एक दिवस जास्त द्या. कारागीर बंधूंनीही मालकाच्या घाईला मान देऊ नये. तो एक दिवस महाग वाटतो, पण तेच काम पुन्हा करणे त्याहून महाग पडते.