खुडूक कोंबडी

परसांत चार कोंबड्या बाळगणाऱ्या घरीं हा प्रसंग हटकून येतो. कालपरवांपर्यंत नेमानें अंडीं देणारी कोंबडी एकाएकीं खुराड्याचा कोपरा धरून बसते. तिचा लालभडक तुरा फिका पडून आक्रसतो, पोटाखालचीं पिसें झडतात, दाण्यावरची वासना उडते. मग कोणी तिला औषध पाजतो, तर कोणी गार पाण्यांत बुचकळतो. वास्तविक तिला रोग झालेला नसतो. ती खुडूक झालेली असते.

मेंदूच्या तळाशीं एक लहानशी ग्रंथि असते. तिच्यांतून प्रोलॅक्टिन नांवाचा रस रक्तांत अधिक उतरूं लागला, कीं हें स्थित्यंतर घडतें. अमेरिकेंत ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा रस टोचून कोंबड्यांना खुडूक केल्याचें १९३५ सालीं प्रसिद्ध केलें. सस्तन प्राण्यांत मातेला दूध येण्यास साहाय्य करणारा रसहि हाच होय.

या रसाच्या प्रभावानें अंडाशय आक्रसतो व अंडीं थांबतात. तुऱ्याचा तजेला अंडाशयावरच अवलंबून असल्यामुळें तोहि मावळतो. पोटावरच्या उघड्या कातडींत रक्तवाहिन्या वाढतात आणि पिसांचा आडपडदा दूर होऊन अंड्यांना थेट ऊब मिळते. कोंबडी दिवसांतून एकदां-दोनदां उठते, थोडें खाते, पाणी पिते आणि एकदमच मोठी विष्ठा टाकते. घरटें मात्र स्वच्छ राहतें. एकवीस दिवसांच्या या व्रतांत तिचें वजन घटतें.

आजारी कोंबडी ओळखण्याची खूण सोपी आहे. ती मान टाकून बसते व धरली तरी फारसा प्रतिकार करीत नाहीं. खुडूक कोंबडी हात जवळ येतांच पिसें फुलवून गुरगुरते, चोंच मारते.

खरा धोका निराळाच असतो. घरीं कोंबडा नसेल तर अंड्यांतून पिलें निघत नाहींत, आणि पिलांवांचून तें व्रत लांबत जातें. अर्धपोटीं कोंबडी क्षीण होते. अंगावर उवा माजतात. अशा वेळीं तिला जाळीच्या तळाच्या, हवेशीर पिंजऱ्यांत तीन-चार दिवस ठेवावें व दाणापाणी भरपूर द्यावें. घरट्याचा स्पर्श सुटला, कीं तो रस लवकरच ओसरतो आणि कांहीं आठवड्यांनीं ती पुन्हां अंडीं देऊं लागते.

बुचकळल्यानें तिला यातनाच अधिक होतात. फिका तुरा हा तिचा हट्ट नव्हे कीं दुखणें नव्हे. आपल्या देहाचें सामर्थ्य तिनें पिलांकडे वळविल्याची ती खूण असते.